घण, हातोडी आणि मोगरी

शास्त्रपाठ : यिर्मया २३:२९, १ राजे ६:७



परमेश्वराने यिर्मया संदेष्ट्याच्या द्वारे आपल्या वचनाला खडक फोडणाऱ्या हातोड्याची उपमा दिली आहे. ती ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे जड घण उभा राहतो. परंतु हातोडा म्हणजे केवळ घण नव्हे.

कारागिरांकडे पाहा. खाणीतील पाथरवट दोन्ही हातांनी घण उचलतो. लोहार तापलेल्या लोखंडावरच घाव घालतो. ते निवले की हात थांबवून पुन्हा भट्टीत ठेवतो. तांबट गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने भांडे मठारतो. त्या असंख्य हलक्या ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांड्याला बळकटी व झळाळी येते. सुतार पटाशीच्या लाकडी मुठीवर मोगरी वापरतो, कारण लोखंडी हातोड्याने मूठ फाटते. सोनाराची हातोडी तर एवढीशीच. रेल्वेच्या चाकांची परीक्षाही हातोडीने करीत : अखंड चाक खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. प्रत्येकाचे काम निराळे आहे. चुकीचा हातोडा हाती घेतला तर चांगला मालही वाया जातो.

सुतार म्हणून ओळखल्या गेलेल्या आपल्या प्रभूला हा विवेक पूर्णपणे होता. ढोंगी शास्त्री व परूशी यांच्यावर त्याने घणाचे घाव घातले. पण नाकारण्याचे पाप करून ढसाढसा रडलेल्या पेत्राला त्याने समुद्रकिनारी तीनच प्रश्न विचारले. ते सोनाराचे ठोके होते. पेत्र त्यांनी दुःखी झाला, परंतु मोडला नाही. उलट त्याला मेंढरे राखण्याचे काम मिळाले. यिर्मयाच्या काळीही घण कोणावर पडला? स्वतःची स्वप्ने देवाच्या नावाने खपविणाऱ्या, निर्ढावलेल्या संदेष्ट्यांवर. अनुतापाने खचलेल्या मनासाठी तो नव्हता.

हे मी फार उशिरा शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी दारूच्या आहारी गेलेला एक तरुण मजकडे आला. नोकरी गेली होती, मान वर करवत नव्हती. मी त्याला वचनामागून वचन ऐकविले. त्यांतील एकही वचन खोटे नव्हते. तो मुकाट्याने उठून गेला आणि पुन्हा कधी उपासनेला आला नाही. आधीच तडकलेल्या भांड्यावर मी घण घातला होता. वचन देवाचे होते. घाव मात्र माझ्या रागाचा होता.

म्हणून शलमोनाच्या मंदिराची हकिगत मला वारंवार आठवते. त्या मंदिराचे दगड खाणीतच घडवून आणले होते. बांधकाम चालू असता तेथे हातोड्याचा आवाजही ऐकू आला नाही. दगडांना घाव बसलेच नाहीत असे नव्हे. ते बसले, पण लोकांसमोर नव्हे. भावाने अपराध केला तर प्रथम एकांतात त्याची समजूत घालावी, ही प्रभूची आज्ञाही हेच सांगते. आपले वर्तन पुष्कळदा उलट असते. एकांतात आपण गप्प राहतो आणि मंडळीच्या सभेत हातोडे उचलतो. मग दगड दुभंगतात आणि भिंत उभी राहत नाही.

प्रियहो, घण टाकून द्या असे मी म्हणत नाही. अन्यायापुढे मवाळ बोलणे हेही पाप आहे. परंतु घण उचलण्यापूर्वी रेल्वेच्या त्या चाकाप्रमाणे स्वतःवर एक ठोका मारून पाहा. आवाज खणखणीत येतो की बद्द? घरात मुलाला, सुनेला, वृद्ध आईवडिलांना आपण कोणत्या हातोडीने बोलतो?

वधस्तंभावर खिळे ठोकले गेले, तेव्हा ते घाव आपल्या तारणाऱ्याने स्वतःच्या हातांवर घेतले. ज्याने घाव सोसले, त्याच्याच हाती आपला हातोडा सोपवू या.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्यातील खडक फोड, वाकलेले सरळ कर, आणि तुझे वचन तुझ्याच हाताने चालविण्यास आम्हांस शिकव. आमेन.