विरजण कुणाचे?

आमच्या बेळगावच्या वाड्यात तिन्हीसांजेला शेजारच्या कानडी काकू वाटी घेऊन यायच्या. त्या 'हेप्पु' मागायच्या, आई विरजण द्यायची. आमचे दही संपले की हीच वाटी उलट वाटेने जायची. काकूंच्या घरी लागलेल्या दह्यावर आईने कधी हक्क सांगितला नाही, आणि दिल्यामुळे आमचेही काही उणे झाले नाही. हे आज आठवण्याचे कारण मात्र संगणकावरचे संगीत आहे.

माझ्या भाच्याने परवा 'व्हीसीव्ही रॅक' दाखवले. अँड्र्यू बेल्ट यांनी ते २०१७ साली लोकांसमोर आणले. पडद्यावर एक मांडणी दिसते. तिच्यात एकेक खण बसवायचा. एक खण सूर काढतो, दुसरा आवाजाची धार बोथट करतो, तिसरा चढउतार ठरवतो. मग रंगीत तारांनी ते जोडायचे. नियम असा, की एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. वीज खोटी, नुसते आकडे. पण सगळे हाच नियम पाळतात, म्हणून कुणीही परका माणूस नवा खण, म्हणजे प्लगइन, लिहून त्यात बसवू शकतो. मांडणी करणाऱ्याने जणू आधीच कबूल केले आहे, की यावर काय वाजेल ते मला ठाऊक नाही.

त्यातले काही गाजलेले खण मूळचे एमिली जिले यांचे. 'म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स' या नावाने त्या खरी विजेची वाद्ये बनवीत आणि त्यांचे नकाशे व आज्ञावली खुली ठेवीत. रॅकमध्ये ती वाद्ये आली ती 'ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्स' या वेगळ्या नावाने. विद्या घेता आली, नाव घेता आले नाही.

पुढची गोष्ट अधिक अवघड. रॅकची मूळ आज्ञावली २०१९ पासून जीपीएल परवान्याखाली आहे. ती घ्या, बदला. पण बदललेली दुसऱ्यांना दिलीत तर तीही त्याच अटींवर खुली ठेवा. २०२१ साली बेल्ट यांनी नवी आवृत्ती काढली. रॅक एकटे चालवायचे तर फुकट, दुसऱ्या संगीत-आज्ञावलीच्या पोटात चालवायचे तर दाम. तेव्हा काहीजणांनी तीच खुली आज्ञावली घेऊन 'कार्डिनल' रचले आणि ती सोय विनामूल्य दिली.

हा कृतघ्नपणा नव्हे काय? मलाही प्रथम तसेच वाटले. विरजणाला मेहनत पडत नाही. आज्ञावलीत माणसाची वर्षे जातात, त्यालाही पोट आहे. पण थोडा विचार केला. बेल्ट यांनी दाम घेण्यात गैर काही नाही, परवाना त्याला आड येत नाही. मात्र एकदा दिलेली मुभा, ती आपल्याला गैरसोयीची झाली म्हणून परत मागता येत नाही. अमक्याच भांड्यात दही लावा, असे आईने काकूंना सांगितले असते तर ते देणे राहिले नसते.

तरीही कायद्याने मोकळा झालेला माणूस ऋणातून मोकळा होतो असे नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव सांगावे, स्वतः केलेली सुधारणा उघड ठेवावी, जमल्यास त्याच्या चरितार्थाला हातभार लावावा.

२०२२ साली जिले यांनी आपला उद्योग थांबवला. पण त्यांची वाद्ये थांबली नाहीत. इतरांच्या हातून ती आजही घडतात. आपल्याकडे किती बंदिशी उस्तादांबरोबरच गेल्या! भातखंड्यांनी घराण्यांत जपलेल्या चिजा मिळवून छापल्या, म्हणून त्यातल्या कितीतरी आज आपल्या ओठी आहेत.

काकू आमची वाटी रिकामी कधी परत करीत नसत. तळाशी निदान चार साखरेचे दाणे असायचे. तशी अट कुणीच घातलेली नव्हती.