पंचसूना आणि सॅमन

मी उवा मोजते. बेर्गनच्या उत्तरेला एका फ्योर्डात सॅमनचे पिंजरे आहेत, तिथे माशांची डॉक्टर म्हणून माझी नोकरी. दर आठवड्याला प्रत्येक पिंजऱ्यातून थोडे मासे काढायचे, भुलीच्या पाण्यात ते निपचित पडले की अंगावरच्या समुद्री उवा एकेक करून मोजायच्या. माशामागे सरासरी अर्ध्याहून जास्त प्रौढ मादी उवा भरल्या तर कायद्याने उपाय करावाच लागतो. वसंतात नद्यांमध्ये जन्मलेली रानटी सॅमनची पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा काही आठवडे ही मर्यादा ०.२ वर येते. पिंजऱ्यातल्या उवांची पिल्लावळ त्या बोटभर जिवांना चिकटली तर ती वाचत नाहीत, म्हणून ही काळजी. ऊ एक पंचमांश! इतक्या बारकाईने हिशेब ठेवणारा दुसरा पशुपालनाचा धंदा मला माहीत नाही.

माझे मामा कुडाळजवळ राहतात. आजोळी सोमवार आणि श्रावण सोडला तर मासळीशिवाय जेवण नसे, पण मामांनी तरुणपणीच माळ घातली आणि त्यांचं ताट वेगळं झालं. दुसऱ्याच्या ताटाबद्दल ते कधी बोलले नाहीत. माझ्या नोकरीबद्दल मात्र त्यांनी फोनवर सरळ विचारलं, “गो, तू मासे जगवतंस काय मारतंस?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

दर्यात जाळं टाकणाऱ्याचं त्यांना कळतं. मासा आपला आपण जन्मला, आपला आपण वाढला, एक दिवस सापडला. त्याच्या आयुष्याचा हिशेब दर्याकडे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जातो, मग पुन्हा मासेमारी. पण ज्याचं अंडंसुद्धा तुमच्या ट्रेमध्ये उबलं, ज्याला लस तुम्ही टोचली, ज्याने तुम्ही टाकलेल्या गोळ्यांखेरीज काही खाल्लं नाही, त्याच्या आयुष्याचा हिशेब कोणाकडे? मामांचा प्रश्न मारण्याचा नव्हताच, पोसण्याचा होता.

इथे नॉर्वेत असा प्रश्न काढला की उत्तर शाश्वततेच्या भाषेत येतं. हे उत्तर पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. १९७० साली हित्रा बेटावर ग्रोंतवेद्त बंधूंनी तरंगत्या पिंजऱ्यात सुमारे २०,००० पिल्लं सोडली, तिथपासून हा धंदा आज वर्षाला पंधरा लाख टनांच्या घरात पोहोचला आहे. मांस वाढवायला सॅमनला गुराढोरांपेक्षा फार कमी खाद्य लागतं. २०१७ पासून सरकारने किनाऱ्याचे १३ विभाग पाडून त्यांना सिग्नलचे दिवे लावले: हिरव्यात धंदा वाढवता येतो, पिवळ्यात आहे तेवढाच, लाल पडला तर कमी करावा लागतो. दिवा ठरतो एकाच गोष्टीवर, पिंजऱ्यांतल्या उवांमुळे रानटी पिल्लं किती मरतात यावर. आणि रानटी सॅमनचे हाल खरेच आहेत. २०२१ मध्ये तो नॉर्वेच्या लाल यादीत गेला. २०२४ च्या जूनमध्ये ऐन हंगामात ३३ नद्यांवरची मासेमारी थांबवावी लागली.

पण या दिव्याचा उजेड पिंजऱ्याच्या आत पडत नाही. २०२३ मध्ये नॉर्वेच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत ६ कोटी २८ लाख सॅमन कापणीआधीच मेले, म्हणजे १६.७ टक्के. कल्ल्यांचे रोग, जखमा चिघळणं, जेलीफिश, आणि उवा काढण्याचे उपचार. या शेवटच्या कारणात माझा हात आहे. आठ-दहा अंशांच्या समुद्रात वाढलेला मासा नळीतून ओढून तीसएक अंशांच्या पाण्यातून अर्धा मिनिट फिरवायचा. ऊ गळून पडते. मासा त्या पाण्यात शिरताच उसळतो, भिंतीवर डोकं आपटतो. उवांचा आकडा खाली येतो, दिवा हिरवा राहायला मदत होते, आणि पुढचे काही दिवस आम्ही मेलेले मासे उपसतो. बाहेरच्या सॅमनला वाचवायचं म्हणून आतल्याला भाजायचं, असा हा व्यवहार. नॉर्वेच्याच २००९ च्या प्राणिकल्याण कायद्यात लिहिलं आहे की प्राण्याला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचं मोल असतं, आणि त्या कायद्यात मासेही येतात.

लम्पफिशची गोष्ट तर याहून वाईट. हा गोलमटोल मासा पोटाखालच्या चकतीने खडकाला किंवा समुद्रशेवाळाला चिकटून बसतो. याच्या नराने अंडी राखायची असतात. पोहण्यात कच्चा. पण तो उवा खातो, म्हणून त्याला सॅमनच्या पिंजऱ्यात सोडतात. २०१९ च्या सुमाराला असे उवा खाणारे मासे, लम्पफिश आणि रॅस मिळून, वर्षाला सहा कोटींच्या आसपास सोडले जात. सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेने पाहणी केली तेव्हा त्यांतले जवळजवळ ४० टक्के मेलेले निघाले. उरलेलेही सॅमनची कापणी झाली की बहुतेक मारलेच जातात. त्यांना कोणी खात नाही. आता आकडा उतरला आहे, प्रथा मात्र चालू आहे.

ज्या १९७० मध्ये हित्राला पिंजरा तरंगला, त्याच उन्हाळ्यात मार्दोला नदीवरचा धबधबा वीजप्रकल्पापासून वाचवायला बसलेल्या सत्याग्रहींमध्ये आर्ने नेस होते. ऑस्लो विद्यापीठाचे हे तत्त्वज्ञ. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. गांधींच्या अहिंसेवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. १९७३ मध्ये त्यांनी उथळ आणि खोल पर्यावरणवादातला फरक मांडला आणि सगळ्या जिवांना जगण्याचा समान हक्क मानला, पण ‘तत्त्वतः’ अशी अट घालून. जगायचं तर काही मारावं लागतं हे त्यांना मान्य होतं. मला ती अट प्रामाणिक वाटते, अपुरीही वाटते. ‘काही’ म्हणजे किती, आणि त्याची भरपाई कशी, हे तिच्यातून कळत नाही.

ते मला पंचसूनेत सापडलं. मनुस्मृतीशी माझं बाकी कुठेच जमत नाही, पण ही कल्पना तिथली आहे. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही गृहस्थाच्या घरातली पाच हत्यास्थानं. चूल विझवा असं शास्त्र म्हणत नाही. हत्या अटळ आहे म्हणून ती मोजू नका, असंही म्हणत नाही. ते रोजचे पाच यज्ञ लावतं, त्यांत एक वाटा थेट भूतमात्रांचा. म्हणजे हिशेब आपल्या घरातल्या हत्येचा, आणि फेड जिवंतांना, त्याच दिवशी. आमचा हिशेब उलटा झाला आहे. शेजारच्या नदीतल्या पिल्लासाठी आम्ही दशांश चिन्हापर्यंत जातो, आणि आपल्या चुलीत मेलेला ‘नुकसान’ या रकान्यात टाकतो.

यावर शाकाहार हे उत्तर मामाही देत नाहीत. ते शेतकरी आहेत; खाचरात नांगर फिरला की काय मरतं ते त्यांनी पाहिलं आहे. शिवाय सॅमनच आता अर्ध्याहून जास्त शाकाहारी झाला आहे: १९९० मध्ये त्याच्या खाद्याचा नव्वदेक टक्के भाग समुद्रातून यायचा, आज बहुतांश भाग शेतातून येतो, आणि त्यात ब्राझीलचं सोयाबीन मोठं. माळ घालून सुटका होत नाही, माशाचीही नाही.

म्हणून धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. मी त्याच पगारावर जगते. पण दिव्याचा रंग ठरवताना पिंजऱ्यातले मृत्यू धरले पाहिजेत. मृत्यू मर्यादेबाहेर गेले तर पुढच्या हंगामात पिंजऱ्यात मासे कमी, हीच फेड. ती जिवंत माशांना मिळते. गरम पाण्याचा उपचार आणि लम्पफिश, दोन्ही थांबले पाहिजेत. ज्या फ्योर्डात त्यांच्याविना उवा आवरत नाहीत, तिथे उघडे पिंजरे नकोत. त्याने सॅमन महाग होईल, ऑस्लोत आणि मुंबई-पुण्याच्या हॉटेलांतही. होऊ दे.