वास्तूचा नकाराधिकार

इमारतीवरून संगीत रचल्याचा दावा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जगात आता नवा राहिलेला नाही. कुणी इमारतीचा आराखडा संगणकाला देऊन त्यातून सूर काढतो, कुणी तिच्या भिंतींचा घुमारा टिपतो, कुणी नुसतेच तिचे नाव शीर्षकात घालतो. तिघेही एकच बिरुद मिरवतात आणि पेच तिथेच उभा राहतो. आराखड्यातल्या कोणत्या रेषेचा कोणता सूर करायचा हे संगीतकारच ठरवत असेल, तर इमारत निमित्तमात्र ठरते. तिच्या जागी दुसरी कोणतीही चालली असती. उलट, भिंतींतून आपोआप उमटणाऱ्या नादालाच संगीत म्हणायचे, तर संगीतकाराने केले काय? पहिल्या वाटेने गेले की वास्तू हरवते, दुसऱ्या वाटेने गेले की रचना. माझे म्हणणे असे, की ज्या रचनेत संगीतकाराला अडवण्याची ताकद वास्तूकडे असते, तेवढीच रचना खऱ्या अर्थाने त्या वास्तूची. हे मत टिकते का हे पाहायचे, तर आपल्याकडच्या जुन्या वादपद्धतीप्रमाणे पूर्वपक्षाला आधी मनमोकळे बोलू द्यावे.

पूर्वपक्ष: तुम्ही मांडलेला पेचच मला मान्य नाही. यानिस झेनाकिस घ्या. शिक्षणाने इंजिनिअर, १९४७ पासून पॅरिसला वास्तुविशारद ल कॉर्बूझिए यांच्या कचेरीत नोकरीला, आणि त्याच वेळी संगीतकार. १९५४ साली त्यांनी ‘मेटास्टासिस’ ही वाद्यवृंदाची रचना पुरी केली. तीत ४६ तंतुवाद्ये आपापल्या वेगाने एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सलग घसरत जातात. आलेखाच्या कागदावर या साऱ्या सरळ रेषा आहेत, पण त्यांच्या विणीतून वक्र पृष्ठभाग उभा राहतो. पुढे १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीच्या दालनाची रचना करताना त्यांनी सरळ रेषांतून वक्र कवच विणण्याची हीच भूमिती काँक्रीटमध्ये वापरली. एकच रेषा आधी कानाला मिळाली, मग डोळ्याला. इथे मनमानी कुठे आहे? वास्तू आणि संगीत एकाच गणिताची दोन रूपे आहेत, असे सरळ म्हणा ना.

उत्तरपक्ष: तुमच्या उदाहरणातला क्रम पाहा. संगीत आधी झाले आणि दालन चार वर्षांनी. म्हणजे या वास्तूतून ते संगीत निघाले असे कुणालाच म्हणता येणार नाही. फार तर दोघे भावंडे आहेत. आणि एकच रेषा दोघांना मिळाली, हेही अर्धेच खरे. कागदावर दिसणारा वक्र पृष्ठभाग डोळ्याला दिसतो. कानाला ऐकू येते ते निराळेच: एका स्वरावर गोळा झालेला नाद फाकत, दाटत, सरकत जातो. ते ऐकताना खोगिराच्या आकाराचे कवच कुणाच्या मनात उभे राहत नाही, आणि राहावे अशी गरजही नाही. झेनाकिस यांनी एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेली ती विचाराची पद्धत. तिला प्रत्येक माध्यमाने आपापल्या परीने अडवले, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. संगीतात तंतुवाद्याच्या तारेची लांबी, वादकाचे बोट आणि सूर ओळखणारा कान यांनी अटी घातल्या. काँक्रीटमध्ये जेमतेम ५ सेंटिमीटर जाडीचे तुकडे वाळूच्या साच्यांत ओतून आणि पोलादी तारांनी ताणून उभे करावे लागले. भार पेलला नसता, तर भूमिती कितीही देखणी असून दालन कोसळले असते. दोन्हीकडे रेषा खरी ठरली, कारण दोन्हीकडे ती खोटी ठरण्याची शक्यता होती.

आता याच झेनाकिस यांनी १९७७ मध्ये सिद्ध केलेले ‘युपिक’ हे यंत्र आठवा. त्याच्या पाटीवर रेषा काढायच्या आणि संगणक त्यांचे ध्वनी करून देणार. समजा, कुणी त्यावर एखाद्या चर्चचा दर्शनी भाग रेखाटला. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर सुराची उंची. हेच रेखाटन नव्वद अंशांत फिरवले, तर चर्चमध्ये तसूभरही फरक पडत नाही, पण संगीत पार बदलते. डावीकडून उजवीकडे काळ का वाहावा, दुप्पट उंचीला वरचे सप्तक मानावे की आणखी काही, शिखराला तार सूर आणि पायथ्याला खर्जच का द्यायचा, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर चर्चपाशी नाही. संगीतकार जे म्हणेल त्याला ते मान डोलावते. जी गोष्ट कशालाच नाही म्हणत नाही, तिने काही सांगितले असे मानता येत नाही. यंत्र उत्तमच आहे. रेखाटणाऱ्या संगीतकाराच्या हातून त्यावर थोर रचना होऊ शकते. पण ती त्याच्या हाताची असेल, चर्चची नव्हे.

पूर्वपक्ष: संकेत मानवनिर्मित असतो एवढ्यावरून तो पोकळ ठरत नाही. श्रोत्याला ऐकू न येणारी संख्यांची चौकट रचनेच्या पोटात ठेवण्याची युरोपात मोठी परंपरा आहे. २५ मार्च १४३६ रोजी फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचे पवित्रीकरण झाले. ब्रुनेलेस्कीचा तो प्रचंड घुमट तेव्हा नुकताच आकाराला आला होता. त्या सोहळ्यासाठी गीयोम द्युफे यांनी रचलेल्या मोटेटमध्ये, म्हणजे अनेक आवाजांच्या गायनरचनेत, कालमानाचे प्रमाण ६:४:२:३ असे आहे. हे प्रमाण त्या कॅथीड्रलच्या मापांवरूनच घेतले आहे, असे चार्ल्स वॉरन या अभ्यासकाने १९७३ मध्ये दाखवले. ते प्रमाण कानाला मोजता येत नाही, म्हणून द्युफे यांचा वास्तूशी संबंध नाही म्हणणार का?

उत्तरपक्ष: ती कहाणी तुम्ही मध्येच थांबवलीत. १९९४ मध्ये क्रेग राइट यांनी त्या मापांची फेरतपासणी केली, तेव्हा कॅथीड्रल त्या प्रमाणात बसत नाही असे निघाले. ६:४:२:३ चा उगम त्यांनी बायबलात वर्णिलेल्या सॉलोमनच्या मंदिरात दाखवला: लांबी ६० हात, पुढचे सभागृह ४०, गाभारा २० आणि उंची ३०. म्हणजे द्युफे यांच्या डोळ्यांपुढे फ्लॉरेन्सच्या दगडविटा नसून शास्त्रात लिहिलेली, देवाच्या घराची आदर्श मापे असावीत. त्या सोहळ्याच्या दृष्टीने हा अर्थ उलट अधिकच साजेसा आहे. पण आपल्या वादात या प्रकरणाचे मोल वेगळे. घुमटाशी जोडलेले नाते आधी मान्य झाले, पुढे डळमळले, आणि या सगळ्या काळात मोटेटमधला एक सूरही बदलला नाही. रचना ऐकून या दोन मतांत निवड करता येत नव्हती; त्यासाठी मोजपट्टी आणि धर्मग्रंथच उघडावे लागले. श्रद्धेची खूण म्हणून अशा संख्येला अर्थ आहे. वास्तूने संगीत घडवल्याचा पुरावा म्हणून मात्र ती उभी राहू शकत नाही.

पूर्वपक्ष: ठीक. मग तुमच्या कसोटीवर पहिला नंबर ॲल्विन लुसिए यांचा लागणार. १९६९ मध्ये त्यांनी एका खोलीत काही वाक्ये बोलून ती टेप केली. ती टेप त्याच खोलीत वाजवून पुन्हा टेप केली, मग तिची पुन्हा टेप. आवृत्त्या वाढत गेल्या तशी शब्दांची ओळख पुसत गेली आणि उरले खोलीचे सूर. इथे वास्तूच सगळे करते. पण मग लुसिए संगीतकार कसे? हा तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तास झाला. तुमचा पेच सुटला नाही. तुम्ही फक्त त्याच्या दुसऱ्या शिंगावर जाऊन बसलात.

उत्तरपक्ष: भौतिकशास्त्र त्यात आहे हे खरे, आणि ते चोख आहे. दोन समोरासमोरच्या भिंतींत ५ मीटर अंतर असेल, तर त्या जोडीचा सर्वांत खालचा अनुनाद साधारण ३४ हर्ट्झवर येतो. अंतर ३ मीटर असेल तर ५७ च्या आसपास. आणि पुढे त्यांच्या पटी. बोलण्यातले जे सूर या अनुनादांशी जुळतात ते प्रत्येक आवृत्तीत बळावतात, बाकीचे विरत जातात. खोली बदला, उरणारे सूर बदलतील. रेखाटन फिरवून इथे काहीच साधत नाही, कारण निवड रेखाटणाऱ्याच्या हातात नाहीच. पण खोली फक्त चाळणीचे काम करते. चाळणीत काय टाकायचे हे ती सांगत नाही. लुसिए यांनी वाद्याचा सूर घेतला नाही, बोलणे घेतले, आणि तेही स्वतःचे अडखळणारे बोलणे. शब्द विरले तरी बोलण्याची लय शेवटपर्यंत नादाला हेलकावे देत राहते. मायक्रोफोन कुठे ठेवायचा, आवृत्त्या किती करायच्या, थांबायचे कधी, हेही त्यांचेच निर्णय. मंदाक्रांतेत लिहिणाऱ्या कवीला वृत्त शब्द पुरवत नाही. ते काही शब्द नाकारते, आणि नकारानंतरही कवितेचा कर्ता कवीच राहतो. अडवणारा आणि रचणारा असे दोघे एकाच रचनेत नांदू शकतात. म्हणून पेचाची दोन शिंगे ही पूर्ण शक्यतांची यादी नाही.

पूर्वपक्ष: तर मग याकोब किर्केगोर या डॅनिश कलावंताचे ‘फोर रूम्स’ बघा. लुसिए यांचीच पद्धत त्यांनी चेर्नोबिलच्या निर्मनुष्य टापूतल्या चार जागांत वापरली: चर्च, सभागृह, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा. बोललेही नाहीत, रिकाम्या जागेची शांतता टिपून तीच पुनःपुन्हा तिथे वाजवली. ऐकताना अंगावर काटा येतो. पण तो भिंतींमुळे की चेर्नोबिल या नावामुळे? आणि दुसरे म्हणजे, आता हा घुमारा विकत मिळतो. जगभरच्या वास्तूंचे नाद संगणकावर उतरवता येतात; ज्याला हवे त्याने आपल्या बासरीवर कॅथीड्रल चढवावे. बटण दाबून बंद करता येणारा नकार हा कसला नकार?

उत्तरपक्ष: पहिल्या आक्षेपात तुमची बाजू बळकट आहे, आणि मी ती मान्य करतो. किरणोत्सर्ग ऐकू येत नाही. त्याच मापांची आणि त्याच गिलाव्याची व्यायामशाळा दुसऱ्या कुठल्या सुरक्षित गावात असती, तर तिचा नाद जवळपास असाच घुमला असता. या रचनेतले सूर जागेचे आहेत, भय मात्र इतिहासाच्या माहितीचे आहे. दोन्ही मिळून कलाकृती होते, याला माझी हरकत नाही. भिंतींनीच ते भय गायले, असे म्हणण्याला आहे.

दुसऱ्या आक्षेपाने मात्र माझी कसोटी आणखी टोकदार होते. इस्तंबूलचे हागिया सोफिया घ्या. ते संग्रहालय असताना स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिसेरा पेंचेवा आणि जोनाथन एबल यांच्या प्रकल्पात तिथे फुगे फोडून घुमारा टिपला गेला. तो १० सेकंदांहून अधिक रेंगाळतो. त्यावरून संगणकाने त्या जागेचा नाद पुन्हा उभा केला, आणि कॅपेला रोमाना या गायकवृंदाने त्या नादात बायझंटाइन स्तोत्रे गाऊन २०१९ मध्ये ध्वनिमुद्रिका काढली. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की घुमारा नंतर वरून चढवलेला नव्हता. गातानाच तो गायकांच्या कानांत होता. एवढ्या लांब घुमाऱ्यात सूर घाईने बदलला, तर आधीचा नंतरच्यावर स्वार होतो. श्वास, लय, खर्जाचा आधार या सगळ्यांची नव्याने जुळवाजुळव करावी लागते. कॅलिफोर्नियात बसून गाणाऱ्यांनाही ती वास्तू अडवत होती. आता तोच घुमारा कुणी पुऱ्या झालेल्या ध्वनिमुद्रणावर लेप द्यावा तसा दिला, तर वास्तूच्या वाट्याला नुसती सजावट येते, कारण तिने आक्षेप घ्यावा असा क्षणच उरलेला नसतो. माहिती तीच आणि संगणकही तोच; पण वास्तूला निर्णयाच्या वेळी बोलावले की निर्णयानंतर, यावर सारे अवलंबून आहे. बटण बंद करता येते हा दोष तंत्राचा नाही. बटण चालू ठेवून त्याच्या अटी पाळायच्या का, हा संगीतकाराच्या सचोटीचा प्रश्न आहे.

पूर्वपक्ष: शेवटी एकच विचारतो. फिलिप्स दालनात वाजलेले एडगार व्हारेझ यांचे ‘पोएम इलेक्ट्रॉनिक’ हे इलेक्ट्रॉनिक संगीतातले मोठे काम. त्याचे ध्वनी स्टुडिओत घडले, भिंतींतून निघाले नाहीत. तुमच्या कसोटीवर ते नापास होणार. श्रेष्ठ रचना बाहेर ठेवणारी आणि एखादी रटाळ खोली आत घेणारी कसोटी काय कामाची?

उत्तरपक्ष: ती नापास होत नाही, विभागली जाते. त्या ८ मिनिटांतले ध्वनी दालनाचे नव्हेत, हे बरोबर. पण दालनात तीनशेहून अधिक स्पीकर त्या वक्र कवचांवर बसवले होते आणि ध्वनी त्यांवरून ठरवलेल्या मार्गांनी फिरत असे. हे मार्ग कवचांच्या वळणांनी ठरवले होते. सपाट छताच्या हॉलमध्ये ते तसेच्या तसे आखता आले नसते. १९५९ च्या जानेवारीत दालन पाडले गेले. टेप वाचली, म्हणून रचना आजही ऐकता येते. पण दोन स्पीकरांवर ध्वनी त्या मार्गांनी फिरत नाही. जे आजही हाती आहे ते व्हारेझ यांचे, आणि जे दालनाबरोबर गेले तेवढा वाटा वास्तूचा होता. इतकी स्वच्छ वाटणी एरवी क्वचितच पाहायला मिळते.

राहिला श्रेष्ठतेचा मुद्दा. माझी कसोटी सौंदर्य मोजत नाही. ती दावा तपासते. इमारतीच्या आराखड्यावरून मनमानी संकेताने निघालेले संगीत अप्रतिम असू शकते. त्याचे श्रेय संगीतकाराने खुशाल घ्यावे. श्रेय इमारतीला दिल्याने दोन नुकसाने होतात. संगीतकाराची निवड वास्तूच्या नावाआड दडते आणि तिचा जाब विचारता येत नाही. आणि श्रोत्याला वाटते की आपण ती वास्तू ऐकली; मग तिचा खरा नाद ऐकण्याची गरज त्याला उरत नाही. म्हणून अशी रचना समोर आली की ती इमारतीसारखी वाटते का, हे विचारण्यात अर्थ नाही. सारखेपणा हवा तिथे सापडतो. संगीतकाराला विचारावे, की या वास्तूमुळे तुम्हाला काय करता आले नाही? उत्तरात एखादा सोडावा लागलेला सूर, संथ करावी लागलेली लय किंवा वळवावा लागलेला मार्ग सांगता आला, तर त्या रचनेवर वास्तूचा हक्क आहे. तसे काहीच सांगता आले नाही, तर रचना ऐकावी, आवडली तर दादही द्यावी, आणि शीर्षकातल्या इमारतीला त्यातून वगळावे.