ताट कोणाचे निवते?

गेल्या मे महिन्यात आमची मुलगी आणि जावई पुण्याहून आले. सोबत वीस महिन्यांची नात. गाडी हुबळीला उशिरा पोहोचली. धारवाडला घरी जाऊन कुकर लावायचा म्हणजे तीन वाजले असते, म्हणून तिथेच एका हॉटेलात जेवून घ्यावे असे ठरले. रविवार असल्याने गर्दी होती. पाच-दहा मिनिटे नात इकडेतिकडे टकामका पाहत बसली. मग तिने चमचा तीनदा खाली टाकला, पापडाचा चुरा केला आणि खुर्चीवरून उतरून टेबलांच्या मधल्या वाटेने धूम ठोकली. आईने उचलून आणले तेव्हा असे भोकाड पसरले की गल्ल्यावरचा माणूसही मान वर करून पाहू लागला.

शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ एकटे जेवत होते. ते शांतपणे, पण आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की, मुले सांभाळता येत नसतील तर माणसाने घरी जेवावे. त्याच वेळी सांबार वाढायला आलेला सप्लायर खालचा चमचा उचलत म्हणाला, "बिडरी सर, कूसैति." असू द्या सर, लेकरू आहे.

एका मिनिटात दोन निकाल मिळाले. तीस वर्षे मुलांना शिस्त शिकवून पोट भरणारा माणूस मी. मला दोघांचेही पटले, आणि माझी पंचाईत झाली ती तिथेच.

त्या गृहस्थांची बाजू आधी पाहू. त्यांनीही पैसे मोजले होते. आठवडाभराच्या दगदगीनंतर दोन घास निवांत खावेत एवढीच त्यांची इच्छा असेल. शिवाय धावते मूल आणि उकळत्या सांबाराचे भांडे घेऊन येणारा सप्लायर एकाच वाटेवर आले तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. 'लहान आहे ते, त्याला काय कळतंय' असे म्हणून मूल मोकळे सोडणारे आईबाप मीही पाहिले आहेत. मुलाला कळत नाही हे खरे, पण म्हणूनच आईबापांना कळायला हवे.

आता दुसरी बाजू. हॉटेल ही आपल्याकडे नुसती खाण्याची जागा कधीच नव्हती. आपल्या घरच्या पंगतीला ज्याला कधी बोलावले नसते, अशा माणसाच्या शेजारी बसायला आपल्याला हॉटेलाने शिकवले, आणि तेही सुखासुखी नाही. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी हॉटेल काढून दिले आणि तेथे जाऊन स्वतः चहा घेतला, ही गोष्ट सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा राजाने चारचौघांत पिणे हा त्या काळी केवढा मोठा धडा होता! पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे ठरले.

त्या यादीत वय नाही. मग वयावरून मज्जाव चालेल काय? दक्षिण कोरियात अनेक उपाहारगृहांनी आणि कॉफीच्या दुकानांनी 'मुलांना प्रवेश नाही' अशा पाट्या लावल्या. जेजू बेटावरच्या एका उपाहारगृहाने तेरा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली तेव्हा प्रकरण तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेले. २०१७ साली आयोगाने म्हटले की अशी सरसकट बंदी हा भेदभाव आहे. आयोगाचे म्हणणे बंधनकारक नव्हते आणि पाट्याही सगळ्या उतरल्या नाहीत. तरी एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. 'तुमचे मूल धावते आहे, त्याला आवरा' हे वागण्याबद्दलचे सांगणे झाले. 'मूल आहे, म्हणून आत येऊ नका' हे असण्याबद्दलचे सांगणे झाले. पहिले कोणीही सांगावे. दुसरे सांगणाऱ्याने आपण स्वतः कधीकाळी कोण होतो, हे जरा आठवून पाहावे.

येथवर माझा विचार सरळ चालला होता. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत या मुद्द्यांवर मी एखाद्या मुलाला बक्षीसही दिले असते. पण त्या दुपारी टेबलावर जे घडले त्याने प्रश्नच बदलला.

नात रडू लागताच जावई उठले. कोणी काही म्हटले नव्हते. त्यांच्या ताटात भाकरी नुकतीच वाढलेली, वाफ निघत होती. त्यांनी मुलीला कडेवर घेतले आणि बाहेर रस्त्यावरच्या रिक्षा दाखवायला नेले. दहा मिनिटांनी ते परत आले, तोवर मुलीचे जेवण आटोपत आले होते. तिने हात धुऊन नातीला घेतले आणि जावई गार भाकरी खाऊ लागले. सौ. त्यांच्या ताटाकडे पाहत होती. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "अहो, ती खानावळ आता राहिली नाही म्हणे."

कोणती खानावळ, हे मला विचारावे लागले नाही.

१९९७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी धारवाडात नुकताच कायम झालो होतो. पहिला वाढीव पगार हाती आला म्हणून सौ.ला आणि दीड वर्षाच्या मुलीला घेऊन एका खानावळीत गेलो. ज्वारीची भाकरी, एण्णगाई, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. मुलगी रडायला लागली. पलीकडे माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे वडील बसले होते. मास्तरांना स्वतःचे मूल आवरत नाही असे त्यांना वाटेल, या लाजेने मी सौ.ला हळूच म्हणालो, "हिला जरा बाहेर घेऊन जा." ती गेली. रिमझिम पाऊस होता, ती पत्र्याच्या पडवीत उभी राहिली. मी जेवलो, दहीही मागून घेतले. ती परत आली तेव्हा भाकरी चामड्यासारखी झाली होती. तिने दोन तुकडे खाल्ले, भूक नाही म्हणाली. मी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणे सोयीचे होते. त्यानंतर इतक्या वर्षांत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

तेव्हा वाचकहो, मूल हॉटेलात न्यावे की नाही, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. लहान मूल सोबत असले की कोणाचे तरी ताट निवणारच. ते कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. बंदीची पाटी लावली की हॉटेलात शांतता येते, पण तिची किंमत घरी राहिलेली आई देते. शेजारचा माणूस कुरकुरला की उठते तीही बहुधा आईच. जुन्या पंगतीचे आपण गोडवे गातो. तेथे मुलाच्या रडण्याने कोणाचे बिघडत नसे, हे खरे. पण मुले पहिल्या पंगतीला आणि बाया शेवटच्या, हेही तेवढेच खरे. आमच्या लहानपणी हॉटेलांतून 'फॅमिली रूम' अशी पाटी आणि पुढे पडदा असे. बाईमाणसाला आत घेतले, पण पडद्याआड. निवलेले ताट आपण घरातून हॉटेलात तसेच उचलून आणले.

हल्ली एक सोपा उपाय निघाला आहे. मुलासमोर मोबाईल ठेवायचा. मग कोणाचेच ताट निवत नाही. त्या दुपारी मीही खिशात हात घातला होता, खोटे कशाला सांगू? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये. पण माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. परक्या माणसांत कसे बसावे हे मूल परक्या माणसांत बसूनच शिकते. मोबाईल पाहणारे मूल हॉटेलात असूनही हॉटेलात नसते. ते गप्प बसते, शिकत काहीच नाही. शाळेत वर्ग गप्प असला की मुले शिकत आहेत असे आम्ही मास्तर लोक समजतो, तीच ही चूक.

मग शिकवायचे कसे? मला उमगले ते साधे आहे. गर्दीची वेळ टाळावी. मुलासाठी आधी काहीतरी मागवावे. सांडले तर सप्लायरच्या आधी आपण वाकावे, त्यालाही पाठ आहे. रडू आवरेना तर बाहेर न्यावे, पण पाळीपाळीने, आणि पहिली पाळी पुरुषाने घ्यावी. शेजाऱ्याकडे एवढेच मागणे की दहा मिनिटे दम धरावा. त्याच्यासाठीही कोणीतरी कधी दम धरलेला असतो.

निघताना मी त्या गृहस्थांपाशी थांबलो आणि त्रास झाल्याबद्दल क्षमा मागितली. ते ओशाळून म्हणाले, "छे छे, आमच्या घरीही दोन आहेत." मग नातीकडे पाहून त्यांनी हात हलवला. तिने काही हलवला नाही.

या दिवाळीत मुलगी-जावई पुन्हा येणार आहेत. भाऊबीजेनंतर एकदा बाहेर जेवायला जायचे ठरले आहे. नातीला घेऊन आधी मी उठणार, असे मी सौ.ला सांगून टाकले. ती हसली आणि म्हणाली, "बघू." एवढ्या वर्षांच्या उधारीवर एवढा अविश्वास मला मान्य आहे.