अवयव, अवयवी आणि कापलेले पडदे

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये तयार झालेले घडीचे रोगणी पडदे युरोपात ‘कोरोमंडल’ या नावाने ओळखले जातात. हे नाव ते जेथे घडले त्या प्रदेशाचे नसून, ज्या भारतीय किनाऱ्यावरच्या व्यापारी कंपन्यांच्या वखारींतून ते पुढे पाठवले जात, त्या किनाऱ्याचे आहे. अशा पडद्यात बहुधा बारा उंच फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात. लाकडावर लेपाचे थर देऊन वर गडद रोगण, म्हणजे झाडाच्या चिकापासून सिद्ध केलेले चकचकीत आवरण, चढवतात आणि ते कोरून खोलगट भागांत रंग भरतात. यांतील अनेक पडदे एखाद्या अधिकाऱ्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून घडवले गेले. त्यांच्या एका अंगावर राजवाड्यातील समारंभाचे अखंड दृश्य बाराही फळ्यांवरून वाहत जाते आणि दुसऱ्या अंगावर कित्येकदा सत्कारमूर्तीचे अभीष्टचिंतन कोरलेले असते.

युरोपातील धनिकांनी हे पडदे कापले. फळ्यांची दोन्ही अंगे करवतीने वेगळी करून ती भिंतींवर बसवली गेली किंवा कपाटांच्या दारांना चिकटवली गेली. नेदरलँड्समधील लेउवार्डेनच्या राजगृहात 1695 पूर्वी अशा फळ्यांनी मढवलेली एक संपूर्ण खोली आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर यांनी 1688 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोगणकामावरील ग्रंथात, अशा कापाकापीमुळे माणसे आणि झाडे उलटीपालटी होऊन चित्राचा गोंधळ उडतो, अशी कडक टीका केली होती. ती टीका रुचीच्या अंगाने केलेली असली, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे: भिंतीवर जे उरते, ते त्या पडद्याचे काय लागते?

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा खल फार सूक्ष्मपणे झालेला आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी घडलेली अखंड वस्तू, ही भागांची नुसती बेरीज नसून त्यांच्यात समवाय नावाच्या अविभाज्य संबंधाने राहणारे एक स्वतंत्र द्रव्य आहे. म्हणूनच वस्तूचे एक टोक ओढले असता ती सबंध ओढली जाते. अवयवांचा संयोग तुटला की तो अवयवी नाश पावतो. वस्त्रातून काही धागे निघाले, तर राहते ते जुने वस्त्र नव्हे, तर ‘खंडपट’ नावाचे नवेच वस्त्र, असे ते सांगतात. बौद्धांना असा वेगळा अवयवी मान्य नाही. मिलिंदप्रश्नात नागसेनाने रथाच्या दृष्टान्ताने दाखवल्याप्रमाणे, ‘रथ’ हे भागांना धरून केलेले व्यवहारातले नाव आहे. परंतु भाग विखुरल्यावर ते नावही लागू पडत नाही. म्हणजे वस्तूच्या स्वरूपाविषयी एकमेकांशी झगडणारे हे दोन पक्ष कापलेल्या पडद्याविषयी एकच निर्णय देतात: तो पडदा आता नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण लाकडी देवालयाचे आहे. गुजरातेतील पाटण येथील वाडी पार्श्वनाथ या जैन मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा घुमटयुक्त लाकडी मंडप 1916 पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. येथे रचना बव्हंशी टिकली आहे; हरवले आहे ते प्रयोजन. मीमांसक ज्याला ‘शेष’ म्हणतात, म्हणजे जे दुसऱ्यासाठी असते, तसा मंडप हा गर्भगृहातील तीर्थंकरासाठी असतो, आणि तो शेषी, म्हणजे ज्याच्यासाठी हे सारे आहे तो, तेथे नाही. ही हानी खरी आहे आणि श्रद्धावंताला ती अधिक बोचेल. तरीही दोहोंत कापणेच अधिक गंभीर मानावे लागते, कारण हरवलेले प्रयोजन उभ्या मंडपाकडे पाहून निदान समजून घेता येते. चिरलेल्या फळीतून तो समारंभ आणि तो सत्कारमूर्ती कोणालाही परत मिळवता येत नाही.

यावरून जुन्या वस्तूंनी घर सजवूच नये, असा निष्कर्ष निघत नाही. घडीचा पडदा घरासाठीच घडला होता. परक्या घरात तो अखंड उभा राहिला, तर त्याचे मूळ काम चालूच राहते. भिंतीवर केवळ नक्षीची शोभा हवी असेल, तर नवे काम करवून घेण्याचा मार्ग मोकळा आहे. पाटणचा तो मंडप संग्रहालयाला मिळवून देणाऱ्या दोन भावांपैकी लॉकवुड डी फॉरेस्ट यांनीच अहमदाबादच्या मगनभाई हठीसिंग यांच्या साथीने 1881 मध्ये काष्ठशिल्पाचा कारखाना उभारला, आणि तेथील कारागिरांनी जुन्या नमुन्यांवरून नव्याने कोरलेले लाकूडकाम अमेरिकेतील घरांत बसले. एवढी कौशल्याची परंपरा हाताशी असताना जुने चिरण्याची गरज कोठे राहते?

महाराष्ट्रातील वाडे पाडले जात असताना त्यांचे नक्षीदार खांब, महिरपी आणि दारे जुन्या लाकडाच्या बाजारात सुटी सुटी विकली जातात, आणि खांब एका शहरात तर त्याची महिरप दुसऱ्याच शहरात जाते. असे लाकूड घेणाऱ्याने ते शक्यतो जोडीने व जुळणीने घ्यावे, जागेच्या मापात बसवण्यासाठी कापू नये, आणि ते कोणत्या गावच्या कोणत्या वाड्याचे आहे हे विक्रेत्याला विचारून त्याच्या मागच्या बाजूस लिहून ठेवावे.