आणखी एक वर्ष



प्रायश्चित्तकाळात आपण अंजिराच्या झाडाचा दाखला ऐकतो (लूक १३:६-९). मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, हाती काही लागत नाही, म्हणून तो झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागून घेतो. मालकाचे काही चुकले असे आपल्यातला कोणी वाडीवाला म्हणणार नाही!

पण फळांचा हिशेब बाहेरून दिसतो. झाडाची खरी वही आत असते. सागाच्या खोडात दरवर्षी लाकडाचे एक वलय वाढते. पाऊस चांगला झाला तर रुंद, पावसाने ओढ दिली तर अरुंद. शास्त्रज्ञ पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढतात आणि वलये मोजतात. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी केरळातील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची नोंद उभी केली. पाऊस मोजायला कोणी नव्हते, त्या काळातली कोरडी वर्षेही तिच्यात दिसतात.

मात्र एकाच झाडावरून ते निकाल देत नाहीत. एखादे वलय अरुंद असेल तर कीड लागली असेल, फांद्या छाटल्या असतील, शेजारच्या मोठ्या झाडाची सावली पडली असेल. म्हणून अनेक झाडांची वलये जुळवून पाहतात. बहुतेकांत तेच वर्ष अरुंद निघाले, तरच तो दुष्काळ.

आपण एवढी चौकशी करतो का? एखादे कुटुंब मिस्साला येईनासे होते, एखादा मुलगा धर्मशिक्षणाचा वर्ग सोडतो. 'त्यांची श्रद्धाच आटली' असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या घरात आजारपण होते का, नोकरी गेली होती का, की आपल्याच मोठ्या आवाजाची सावली त्यांच्यावर पडली होती, हे विचारायचे राहून जाते.

अरुंद वलय खोडातून गळून पडत नाही. पुढच्या वर्षाचे लाकूड त्याच्यावरच चढते. माळ्याने झाडाची वकिली केली नाही. भोवती खणायचे आणि खत घालायचे काम त्याने स्वतःकडे घेतले. पुढे फळ आले की नाही, हे प्रभू येशू सांगत नाही.

येत्या शुक्रवारी क्रुसाची वाट झाल्यावर, बरेच दिवस न दिसलेल्या एखाद्या घरी आपण दोघे-तिघे जाऊन येऊ. वर्गणीचे पावतीपुस्तक मात्र घरीच ठेवू.