सेवेची बातमी : हिशेब की जाहिरात?

सेवा करावी आणि विसरून जावी, या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, असा संस्कार आपल्यापैकी बहुतेकांवर घरातूनच झालेला असतो. मग मंडळाने केलेल्या सेवाकार्याची बातमी द्यावी का? दिली तर ती कशी असावी?

रायपूरमध्ये हा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात उभा आहे. वैशाखाच्या उन्हात चौकात माठ मांडून पाणपोई, म्हणजे इथल्या बोलीत प्याऊ, सुरू होते. पावसाळ्यात रोपे लावली जातात, कुठे रक्तदान शिबिर भरते, कुठे तलावाच्या घाटाची सफाई होते. कामे खरी असतात, करणाऱ्यांची तळमळही खरी असते. पण काम संपते न संपते तोच छायाचित्रे मोबाईलवर फिरू लागतात. पाहणाऱ्याच्या मनात कौतुक येते आणि त्यामागोमाग एक शंकाही येते : हे कुणासाठी केले?

गीतेत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेले दान राजस ठरवले आहे. प्रसिद्धी हेही एक फळच आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र लोकसंग्रहाचा विचार येतो. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे इतर वागतात, म्हणून ज्ञानी पुरुषानेही लोकांसमोर कर्म करीत राहावे. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हा एक आधारस्तंभ आहे आणि त्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर रायपूर ही कर्मभूमी असलेल्या पंडित माधवराव सप्रे यांनी केले. कर्म लोकांना दिसल्याशिवाय लोकसंग्रह होत नाही. म्हणजे दिसणे सर्वस्वी त्याज्य नाही, पण दिसण्यासाठी करणे त्याज्य आहे. या दोहोंमधली रेघ कशी ओळखावी?

वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे मला ही रेघ हिशेबाच्या वहीत सापडली. एकटा माणूस गुप्तदान करू शकतो, कारण पैसा त्याचा स्वतःचा असतो. संस्थेला गुप्तपणे खर्च करता येत नाही. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे. आज ते शाळा चालवते आणि दिव्यांग मुलींसाठी वसतिगृहही चालवते. अशी कामे अनेकांच्या देणगीवर आणि अनेकांच्या वेळावर उभी असतात. तिथे मौन पाळणे म्हणजे नम्रता नव्हे, ती हिशेब देण्यातली कसूर ठरेल. स्वामी विवेकानंद याबाबत अतिशय कडक होते. ज्या कामासाठी पैसा मिळाला त्याच कामाला तो लावावा, उपाशी मरण्याची वेळ आली तरी तो दुसरीकडे वळवू नये, असे त्यांनी स्वामी ब्रह्मानंदांना पत्रातून बजावले होते. संन्याशाला वही चोख ठेवायला सांगणारे हे स्वामीजी आपण विसरता कामा नये.

आता याच वहीचे आणखी एक पान पाहू. एखाद्या विशिष्ट कामासाठी मिळालेला निधी संस्थेच्या ताळेबंदात कुठे लिहितात? बँकेतली रक्कम मालमत्तेच्या बाजूला दिसते, पण तो निधी ‘भांडवल व देणी’ या बाजूला लिहिला जातो. म्हणजे ज्या दिवशी देणगी मिळाली, त्या दिवशी संस्था श्रीमंत झाली नाही, तिच्यावर एक जबाबदारी आली. वह्या वाटल्या, औषधे दिली, तेव्हा ती जबाबदारी थोडी उतरली. देणे फेडणारा माणूस फेडतानाचे छायाचित्र काढून मिरवतो का? तो पावती दाखवतो. सेवेची बातमी अशी पावतीसारखी असावी.

हाच विचार अध्यात्माच्या भाषेत आपल्याला आधीच मिळालेला आहे. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र आई-भावंडांबरोबर रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे इथे राहिला. पुढे १८८४ मध्ये दक्षिणेश्वरी श्रीरामकृष्णांच्या मुखातून त्याने ऐकले, की जीवावर दया करणारे आपण कोण? शिव जाणून जीवाची सेवा करायची. त्यातूनच स्वामीजींनी पुढे कर्मयोगावरील व्याख्यानांत सांगितले, की घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यानेच कृतज्ञ असावे, कारण देण्याची संधी त्याला मिळाली. ताळेबंदातली ‘देणी’ आणि ‘शिवभावे जीवसेवा’ यांचा अर्थ इथे एक होतो. देणेकरी आपण आहोत.

यावर कार्यकर्ते एक अडचण सांगतील आणि ती खोटी नाही. फोटो छापला नाही तर पुढच्या वर्षी देणगी येत नाही, नाव आले नाही तर काही देणगीदार नाराज होतात, आणि त्याची झळ शेवटी एखाद्या मुलीच्या शिक्षणाला बसते. तत्त्वापायी तिचे नुकसान करायचे का? मुळीच नाही. १८९९ मध्ये कोलकात्यात प्लेगची साथ आली तेव्हा भगिनी निवेदितांनी वर्तमानपत्रांतून मदतीचे आवाहन केले होते. त्यांनी स्वतः झाडूही हातात घेतला होता. मागणे हा दोष नाही. आवाहनात गरज दिसते आहे की आपण, एवढेच पाहायचे.

त्यासाठी एक साधी कसोटी लावता येईल. बातमी पाठवण्यापूर्वी ती, ज्याची सेवा केली त्याच्यासमोर, मोठ्याने वाचता येईल का? दप्तर घेताना उभी केलेली मुलगी पाच वर्षांनी कॉलेजात जाईल. ते छायाचित्र तिच्या मैत्रिणींच्या हाती पडले तर तिची मान खाली जाईल का? जाणार असेल, तर आपण दप्तर दिले आणि त्याबदल्यात तिचा मान घेतला. तो सौदा झाला, सेवा राहिली नाही. अशा ठिकाणी तिच्या चेहऱ्याऐवजी हिशेब द्यावा : किती मिळाले, किती खर्च झाले, किती जणांपर्यंत पोहोचलो आणि काय राहून गेले. ‘काय राहून गेले’ हे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. त्याने अहंकाराला जागा उरत नाही आणि नव्या कार्यकर्त्याला आपले काम दिसते.

छत्तीसगडच्या मातीत याचा एक सुंदर पाठ आहे. धानाची कापणी आटोपल्यावर पौष पौर्णिमेला छेरछेरा येतो. त्या दिवशी मुले, तरुण टोळ्या करून दारोदार धान मागतात. मागण्यात कमीपणा नाही, कारण ज्याच्या घरी कोठार भरलेले आहे त्याची मुलेही मागायला निघतात, आणि देण्यात मोठेपणा नाही, कारण प्रत्येक दार देते. मोहल्ल्यातली सेवा या भावनेच्या जवळ जावी, असे वाटते. आज माठ भरणारा उद्या त्याच माठातले पाणी पिणार आहे.

आपल्यापैकी अनेकांवर मंडळाचा अहवाल लिहिण्याची जबाबदारी कधी ना कधी येते. लिहून झाल्यावर ‘आमच्या वतीने गरजूंना वाटप करण्यात आले’ असे वाक्य आढळले, तर थोडे थांबावे आणि ‘आपण सोपवलेली रक्कम या कामी लागली, एवढे काम अजून बाकी आहे’ असे लिहून पाहावे. वाक्य बदलताना मनालाही थोडे वळण लागते. अहवाल लिहिणे हीसुद्धा साधना आहे.